वाढत्या मापाची रेल घेऊ नका

पत्राचा गोषवारा असा. लिहिणारे वाचक ठाण्यात घोडबंदर रोडला राहतात, महापे एमआयडीसीत इंजिनिअर, वय 41. चार वर्षांपासून .22 बोअरच्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफलवर क्लबमध्ये 50 मीटरचा सराव करतात. परवाना रीतसर, खेळासाठीचा. रायफलीवर सपाट रेल (स्कोप बसवायची खाचांची पट्टी) आणि त्यावर 4 ते 16 पटींचा, 30 मिलिमीटर ट्यूबचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. माहितीपत्रकात स्कोपचं वरखाली फिरणं मिळून 60 एमओए (कोनाचं एक छोटं माप) लिहिलंय; टरेटचा, म्हणजे स्कोपवरच्या नेम बदलायच्या चकतीचा, एक क्लिक पाव एमओएचा. क्लबतर्फे महिन्यातून एकदा 100 मीटरची रेंज मिळते आणि वर्षातून दोनदा 200 मीटरची. मागच्या वेळी 200 मीटरवर टरेट शेवटपर्यंत फिरवूनही गोळ्या निशाणाच्या अर्धा मीटर खाली मातीत गेल्या. बरोबरच्यांनी सांगितलं, "सपाट रेल 50 मीटरपुरतीच. उताराची रेल घे, आणि घ्यायचीच तर सरळ 40ची घे, नाहीतर उद्या पुन्हा खर्च." डलासला राहणारा मेव्हणा पुढच्या महिन्यात येतोय, तो घेऊन यायला तयार आहे, पण 20, 30 की 40 ते रविवारपर्यंत कळवायचंय. शिवाय एका मित्राचं मुरबाडला फार्महाऊस आहे, तिथे आधी लावून बघावी का, असंही विचारलंय. आणि शेवटी एक वाक्य: "उताराच्या रेलमुळे माझा 50 मीटरचा खेळ बिघडेल का, ही खरी भीती."

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमची घाई दिसली. दुसऱ्या वाचनात ते "अर्धा मीटर" दिसलं आणि बरं वाटलं, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्ही स्वतःच मोजून आणलंय. त्याकडे येतेच. त्याआधी एक समजूत सोडवून घेऊ, कारण ती फक्त तुमची नाही. मी शिकवायला लागल्यापासून दर वर्षी कोणीतरी ती घेऊन येतं.

समजूत अशी की रेलचा उतार जितका जास्त, तितकी रायफल लांब मारते. तसं नाही. उताराची रेल गोळीला एक सेंटिमीटरही पुढे नेत नाही आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, तोही लहान करत नाही. ती फक्त स्कोपचं नाक किंचित खाली झुकवते. रेलची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा उंच असते, म्हणून स्कोप बॅरलच्या तुलनेत थोडा जमिनीकडे बघतो. मग नजरेची रेषा निशाणावर आणायची तर बॅरल वर उचलावी लागते, आणि 50 मीटरचा झिरो (जिथे धरलं तिथेच गोळी लागेल अशी टरेटची जागा) स्कोपच्या आतल्या फिरण्याच्या खालच्या भागात येतो. वरच्या बाजूला जागा मोकळी होते. एकूण जागा होती तेवढीच राहते. वर वाढलेली जागा खालून घेतलेली असते, हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही.

हा उतार डोळ्याला दिसतसुद्धा नाही. वर्तुळाचे 360 अंश, एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक एमओए. 20 एमओए म्हणजे अंशाचा तिसरा हिस्सा. 15 सेंटिमीटर लांबीच्या रेलवर हिशेब केला तर मागचं टोक पुढच्यापेक्षा 0.87 मिलिमीटर उंच येतं. तुमच्या पाकिटातलं एटीएम कार्ड 0.76 मिलिमीटर जाडीचं असतं. म्हणजे 20, 30 की 40 हा तुमचा सगळा वाद एक, दीड की दोन कार्डांचा आहे. तुम्ही इंजिनिअर आहात, तेव्हा एवढ्याशा फरकाने काय होतं ते तुम्हाला मी समजावायला नको.

आता तुमचा अर्धा मीटर. एक एमओए 50 मीटरवर साधारण दीड सेंटिमीटर भरतो, 100 मीटरवर 2.9 आणि 200 मीटरवर 5.8 सेंटिमीटर. 50 भागिले 5.8, म्हणजे पावणेनऊच्या आत. नऊ धरा. त्या दिवशी तुमचा स्कोप नऊ एमओएने कमी पडला. चाळीसने नव्हे, नऊने.

हा आकडा तुमच्या रायफलीच्या हिशेबात बसतो का, तेही करून पाहिलं. 40 ग्रेनची साधी स्टँडर्ड वेगाची .22 गोळी सेकंदाला साधारण 325 मीटरने निघते. स्कोपचा मध्य बॅरलच्या मध्यापासून साडेचार सेंटिमीटर वर धरला. एवढ्या मंद गोळीला 50 मीटरवरच निशाणावर यायला बॅरल नजरेच्या रेषेपेक्षा सुमारे 11 एमओए वर लागते. 100 मीटरला सुमारे 19, आणि 200 मीटरला सुमारे 39. तुमच्या काडतुसाप्रमाणे दोन-तीन इकडे तिकडे होईल, पण चित्र हेच राहील. आता 60 एमओएचा स्कोप मधोमध उभा असेल तर वर 30 आणि खाली 30. सपाट रेलवर 50 मीटरचा झिरो करतानाच त्यातले 11 खर्च झाले. वर उरले 19. 50 मीटरवरून 200ला जायला हवेत 28. तूट 9. तुमची मातीत गेलेली गोळी आणि हा कागदावरचा हिशेब एकाच जागी येऊन थांबतात. म्हणजे तुमचा स्कोप ठीक आहे, रायफल ठीक आहे, सपाट रेलही सरळ बसलेली आहे. कोणी स्कोपला खेळण्यातला म्हटलं असेल तर ते मनावर घेऊ नका.

हाच हिशेब तिन्ही रेलना लावून बघा. 20ची रेल लावली तर वर 39 उरतात आणि खाली 21. 200 मीटरला लागणारे 28 देऊनही 11 शिल्लक. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की 100 मीटरला लागणारे 19 आणि रेलचे 20 एकमेकांना जवळजवळ फेडतात, त्यामुळे 100 मीटरवर तुमचा स्कोप आतून अगदी मध्यावर उभा राहील. महिन्यातून एकदा तुम्ही जिथे जाता, तिथेच. 30ची रेल लावली तर वर 49 आणि खाली 11. चालेल, पण तुम्हाला नको असलेल्या बाजूला जागा वाढवून ठेवल्यासारखं होईल. 40ची लावली तर वर 59 आणि खाली एक. एक एमओए म्हणजे चार क्लिक. रेल बनवताना, रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या रायफलीच्या मधल्या भागावर) भोकं पाडताना किंवा रिंगांच्या उंचीत केसभर फरक पडला, आणि असा फरक पडतोच, तर 50 मीटरचा झिरोच लागणार नाही.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमच्याकडे सराव करणाऱ्या एका मुलाने मोठ्या हौसेने 40ची रेल आणली. त्याचा स्कोप एक इंची ट्यूबचा, एकूण फिरणं 40 एमओए. त्याला झिरो करायला खाली 29 यायला हवं होतं आणि स्कोपमध्ये खाली होते फक्त 20. सकाळी आठपासून तो टरेट खाली फिरवत होता. टरेट अडला, आणि ग्रुप 50 मीटरवर 13 सेंटिमीटर वर. 50 मीटरच्या रायफल टार्गेटची सगळ्यात बाहेरची कडी 154.4 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे मध्यापासून पावणेआठ सेंटिमीटर. त्याचा ग्रुप सगळ्या कड्यांच्या बाहेर, कोऱ्या कागदावर, आणि ग्रुप मात्र सुरेख, एका नाण्याखाली झाकेल असा. अकरा वाजता त्याने अडलेला टरेट जोर लावून फिरवायला घेतला तेव्हा मी त्याचा हात धरला. तो चेहरा अजून आठवतो. चांगलं शूट करणाऱ्या मुलाला वाटत होतं की चूक आपल्या हातात आहे.

शाळेचा युनिफॉर्म आपण वाढत्या मापाचा घेतो, दोन बोटं टिप मारून ठेवतो आणि पुढच्या जूनमध्ये उसवतो. रेलला टिप मारता येत नाही. जास्तीचा उतार बाजूला ठेवून वापरता येत नाही, तो पहिल्या गोळीपासून तुमच्याकडून खालची जागा मागतो. बरोबरचे सांगतात ते त्यांच्या स्कोपसाठी बरोबरही असेल. 34 मिलिमीटर ट्यूबचा, 100 एमओए फिरणारा स्कोप असेल तर 40ची रेल त्याला सहज पेलते. त्यांना विचारा, तुमच्या स्कोपचं एकूण फिरणं किती? आकडा सांगता आला नाही तर त्यांच्या सल्ल्यावर पैसे घालू नका.

तुमच्या भीतीबद्दल. 20च्या रेलने 50 मीटरचा खेळ बिघडत नाही. झिरो नव्याने करावा लागेल, टरेटवरचा आकडा वेगळा येईल, एवढंच. बिघडतो तो स्कोप आतल्या कडेला टेकला की, आणि ते का हे समजून घ्या. स्वयंपाकघरातला एक गोल डबा घ्या, त्यात एक छोटी वाटी ठेवा. वाटी मध्यावर असली की ती चारी बाजूंना सरकते. तिला डब्याच्या तुमच्याकडच्या कडेला नेऊन टेकवा, आता ती डावी-उजवीकडे जेमतेम हलते. स्कोपच्या ट्यूबच्या आत अशीच एक छोटी नळी असते आणि टरेट तिलाच ढकलतो. वर किंवा खाली अगदी टोकाला गेलात की वाऱ्यासाठी लागणारी आडवी दुरुस्ती आपोआप कमी होते, आणि भिंगांच्या कडेचा भाग वापरला जात असल्यामुळे चित्रही तितकं स्वच्छ राहत नाही. 20च्या रेलवर तुमची वाटी 50 मीटरला मध्याच्या 9 खाली आणि 200 मीटरला 19 वर असेल. दोन्हीकडे मोकळीक आहे.

तरीही लगेच घ्या असं मी म्हणत नाही. तुम्ही 200 मीटर वर्षातून दोनदा शूट करता. नऊ एमओएची तूट रेटिकलवरच्या, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या क्रॉसवरच्या, खुणांनीही भरून निघते. स्कोपच्या काचेत मिलच्या खुणा असतील तर एक मिल म्हणजे सुमारे 3.44 एमओए, तेव्हा 9 म्हणजे 2.6 मिल. टरेट वरपर्यंत फिरवा, शेवटचे दोन-चार क्लिक सोडून द्या, आणि मधल्या क्रॉसऐवजी खालची अडीच-पावणेतीन मिलची जागा निशाणावर धरा. पैसे शून्य. एक काळजी घ्या: मॅग्निफिकेशन बदलताना रेटिकल लहानमोठं होत नसेल, तर त्या खुणा एकाच मॅग्निफिकेशनला खऱ्या असतात, बहुतेक स्कोपमध्ये सर्वांत मोठ्या. तुमच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असेल. पुढच्या दोन 200 मीटरच्या फेऱ्या असं करून बघितलंत तरी काही बिघडत नाही. मला विचाराल तर 20ची रेल घेण्यासारखी आहे, पण ती 100 मीटरला स्कोप मध्यावर येतो म्हणून. 200 मीटरच्या दोन दिवसांसाठी घाई करायचं कारण नाही.

काहीही कळवण्याआधी घरी एक काम करा. रायफल रिकामी आहे याची खात्री दोनदा करा, बोल्ट काढून वेगळा ठेवा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलुपात. टरेटवरचा सध्याचा झिरो कागदावर लिहा. झिरो-स्टॉप (टरेटला झिरोच्या खाली जाऊ न देणारा अडसर) असेल तर तो सोडा. मग हळूहळू वर फिरवत क्लिक मोजा, अडला की थांबा, जोर नाही. माझा अंदाज 75च्या आसपास. परत झिरोवर या आणि खाली मोजा, तिथे 160च्या आसपास यायला हवेत. खालचे क्लिक 100च्या वर भरले तर 20ची रेल बिनघोर बसते, कारण तिला 80 लागतात आणि थोडी मोकळीक हवीच. कागदावरचे 60 आणि हातातले 60 नेहमी एक नसतात, म्हणून मोजायचं. मोजून झालं की झिरोवर परत आणा आणि पुढच्या रेंजला पाच गोळ्या मारून खात्री करा.

आता एका शब्दाबद्दल, कारण त्याच्यामुळे फार गोंधळ होतो. रेलच्या बाबतीत इंग्रजीत 'कँट' म्हणतात तो पुढे-मागे असलेला उतार. आणि शूटर लोक रायफल 'कँट झाली' म्हणतात ती डावी-उजवीकडे कलंडलेली. पहिला मुद्दाम केलेला असतो, दुसरा नकळत होतो. आणि लांबच्या अंतरावर या दुसऱ्याने जास्त नुकसान होतं. 200 मीटरला जाईपर्यंत तुमची गोळी बॅरलच्या रेषेपासून सव्वादोन मीटर खाली आलेली असते. रायफल फक्त 2 अंश कलंडली तर त्यातले जवळपास 8 सेंटिमीटर आडवे जातात. 50 मीटरवर त्याच 2 अंशांनी अर्धा सेंटिमीटरही फरक पडत नाही, म्हणून चार वर्षांत तो तुम्हाला कधी जाणवला नाही. स्कोपवर बसणारी छोटी पाणसळ, तीच गवंड्याच्या हातात असते तशी बुडबुड्याची, रेलपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर मी पाणसळ घ्यायला सांगेन. स्कोप बसवतानाही ओळंबा लावा: सात-आठ मीटरवर जाड दोरीला वजन बांधून टांगा, पाणसळीने रायफल सरळ करा आणि स्कोपमधली उभी रेघ दोरीवर आणा. हे काम बैठकीच्या खोलीत एका संध्याकाळी होतं.

काडतुसांचंही तसंच. गोळीच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला तर 200 मीटरवर आठ-दहा सेंटिमीटर वरखाली होतं. एकाच लॉटची काडतुसं जपून ठेवा, 200 मीटरच्या दिवसासाठी वेगळी काढा.

मुरबाडचं फार्महाऊस: नाही. इथे मी मवाळ बोलणार नाही. .22ची गोळी लहान दिसते म्हणून लोक तिला खेळणं समजतात. ती योग्य कोनात सुटली तर दीड किलोमीटरपेक्षा जास्त जाते. फार्महाऊसच्या कुंपणापलीकडे कोणाचं भाताचं खाचर आहे, कोण गुरं घेऊन गेलंय, हे तुम्हाला स्कोपमधून दिसत नाही. तुमचा परवाना खेळासाठीचा आहे, त्याची जागा मान्य रेंज. मालकाची परवानगी असली म्हणून शेत रेंज होत नाही. कोणी येऊरच्या मागे जाऊ म्हणालं तर तेही तितकंच वाईट, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि तिथे बंदूक घेऊन जाणं हा वेगळा गुन्हा. झिरो करायला महिनाभर थांबावं लागलं तर थांबा. हा खेळ थांबणाऱ्यांचाच आहे.

मेव्हण्याचं मन मोठं आहे, पण त्याला अडचणीत घालू नका. चॉकलेटं आणि परफ्यूमच्या बॅगेत ही वस्तू तशीच टाकून आणण्यासारखी नाही. कस्टम्सच्या दरपत्रकात बंदुकीचे सुटे भाग आणि अ‍ॅक्सेसरीज 9305 खाली येतात, बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी 9013 खाली. अमेरिकेतून बाहेर काढतानाही तिकडचे निर्यातीचे नियम लागतात. विमानतळावर पहाटे तीन वाजता, थकलेल्या माणसाने "हे काय आहे" याचं उत्तर द्यायचं, ही वेळ त्याच्यावर का आणावी? आधी तुमच्या परवानाधारक डीलरला विचारा. तो मागवून देऊ शकत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी बिल, नाव, सगळं सरळ राहतं.

वागळे इस्टेटमध्ये कोणाचं तरी सीएनसी मशीन असेल आणि "रेल काय, अर्ध्या दिवसात काढून देतो" असं कोणी म्हणेल, हे मला ठाणेकर म्हणून माहीत आहे. त्याच्या कसबाबद्दल शंका नाही. पण बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, 1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 तेच सांगतं. रिसीव्हरला हात लावायचा तो परवाना असलेल्या माणसानेच. आणि मागच्या रिंगखाली डब्याच्या पत्र्याचा तुकडा सारून उतार आणायचा जुना उपाय तर करूच नका. दोन रिंगा एका रेषेत राहत नाहीत, ट्यूब वाकते, तिच्यावर वळ उठतात.

रेल घ्यायची ठरलीच तर तुमच्या रायफलीच्या नेमक्या मॉडेलची, एकसंध, पिकाटिनी या प्रमाणित मापाच्या खाचांची घ्या. खाच 5.23 मिलिमीटर रुंद असते. जुन्या वीव्हर पद्धतीची खाच त्याहून अरुंद, त्यात पिकाटिनीच्या रिंगा बसत नाहीत. .22ला धक्का नसल्यासारखाच असतो, तेव्हा अ‍ॅल्युमिनियम पुरे, पोलादाचं वजन उगाच वाहू नका. बसवताना स्क्रू आणि भोकांचे आटे तेल पुसून कोरडे करा, मगच निळं लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव). रेलखालच्या पोलादावर मात्र तेलाचा पातळ हात फिरवा. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत रेलखाली अडकलेला ओलावा कुठे जात नाही, आणि गंज दिसतो तो दोन वर्षांनी रेल उचलल्यावर. स्क्रू किती आवळायचे ते बनवणाऱ्याने दिलेलं असतं. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना बहुधा 15 ते 18 इंच-पाउंड, म्हणजे दोन न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि ते टॉर्क रेंचनेच. मनगटाच्या अंदाजावर विसंबू नका. बसवल्यावर बोल्ट पूर्वीसारखा मागेपुढे सरकतो का बघा. पुढचा स्क्रू लांब निघाला तर तो आत डोकावतो आणि बोल्टला अडतो.

आता तुमच्यासारख्याच विचारात असलेल्या इतरांसाठी थोडं. तुमच्याकडे .30-06 (मोठ्या काडतुसाची रायफल) असेल आणि झिरो 100 मीटरचा असेल तर गोळी वेगवान असल्यामुळे झिरोला 11 नाही, चार-पाच एमओएच खर्च होतात. वरचा हिशेब तसाच्या तसा उचलू नका, स्वतःचा करा. मधून मोडणारी स्प्रिंगची एअर रायफल असेल तर प्रकरण वेगळं. तिची बॅरल बंद झाल्यावर बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली राहते, म्हणून 20-25 मीटरवरही टरेट वर संपतो. तिथे 11 मिलिमीटर डव्हटेलवर (रायफलीवरच कोरलेल्या खाचेवर) बसणारा, उतार कमी-जास्त करता येणारा माउंट खरंच उपयोगी पडतो. आणि मुलांसाठी विचारणाऱ्या पालकांनो, मुलगा किंवा मुलगी ऑलिंपिक प्रकारात खेळत असेल तर स्कोपच चालत नाही, रेलचा प्रश्नच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं ते बारीक भोकाच्या डायॉप्टर साइटमधून बघून. ते पैसे जॅकेटवर आणि काडतुसांवर घाला.

तेव्हा रविवारी मेव्हण्याला लिहा: "दादा, तूर्तास काही आणू नकोस, इथे चौकशी करतोय." क्लिक मोजून झाल्यावर, खाली 100 भरले तर, डीलरकडे 20ची मागणी नोंदवा. आणि पुढच्या 100 मीटरच्या दिवशी, सध्याच्या सपाट रेलवरच, आधी झिरोवर पाच गोळ्या मारा, मग 30 क्लिक वर देऊन त्याच ठिपक्यावर धरून आणखी पाच. दोन ग्रुपांच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. 21.8 सेंटिमीटर यायला हवं. ते 20च्या खाली किंवा 24च्या वर आलं तर रेल घेण्याआधी स्कोपचे क्लिक खरे आहेत का ते बघावं लागेल, मग तो आकडा घेऊन मला पुन्हा लिहा. रेल आली की जाड टोक मागे, तुमच्या डोळ्याकडे. घट्ट करण्याआधी एकदा बाजूने बघून घ्या. फरक एका कार्डाएवढाच असतो, उलटी बसली तरी पटकन कळत नाही.